आडनावाची रिकामी जागा

प्रिय माय,

अवं ऐक ना! काल मी घरात राहायला आले. आपल्या दारव्ह्याच्या नाही, माझ्या! मारेगावात दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोकळं अंगण. सकाळी भंतेजी आले, वंदना झाली, बुद्धमूर्तीशेजारी तुझा फोटो ठेवला. आज सुट्टी टाकली आणि पहिलं काम हे केलं, तुला लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगू? बाकी सगळे काल इथंच होते, तूच तेवढी नव्हतीस.

आधी तुझ्या भांड्यांचं सांगते. सगळीच्या सगळी टेम्पोत घालून आणली! माझ्या लग्नात आंदण द्यायला म्हणून तू बाजाराच्या दिवशी एकेक करून जमवलेली. पितळी गुंड, गंज, परात, पेले, ती भलीमोठी कढई. पलंगाखाली पोत्यात बांधलेली. आपण मात्र पोचे पडलेल्या पातेल्यातच रांधत राहिलो! एकदा मी त्या परातीत कणीक मळायला घेतली तर कसली ओरडली होतीस. ‘ठेव थे! थे तुह्या घरची हाय!’ मग मी राहत होते ते घर कोणाचं होतं गं?

आणि प्रत्येक भांड्यावर नाव टाकून ठेवलेलं. सौ. वैशाली. पुढं रिकामी जागा. स्थळ ठरलं की आडनाव टाकू म्हणून. बाई, आधी ठरू तर द्या, असं तो नाव टाकणारा म्हणालाही असेल. पण तुला कुठला दम! सणावारी भांडी घासायला काढायचीस आणि त्या जागेवरून बोट फिरवत बसायचीस. मी बघायचे.

जागा भरायला लोक आले नाहीत असंही नाही. कळंबचं ते स्थळ आठवतं? पोह्याची प्लेट हातात धरून मुलाच्या आईनं विचारलं, ‘पोरगी ढोरांची डॉक्टरीण हाय म्हनता. म्हंजे म्हशीच्या पोटात हात गिट घालते का?’ मी म्हटलं, हो, खांद्यापर्यंत. तिनं प्लेटच खाली ठेवली! मला अजून हसू येतं. तू मात्र कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. तुला नकाराचं दुःख, मला नकाराचा आनंद, आणि तो तुला सांगायची सोय नाही.

किती वेळा म्हटलं, चल एकदा माझ्यासंगं गाडीवर. गाय अडलेली असली की सगळं घर गोठ्यात उभं असतं. वासरू बाहेर येतं, पडून राहतं, कोणी श्वास घेत नाही, आणि मग ते शिंकतं! सगळे एकदम हसतात. तेव्हा मला काय होतं ते तुला दाखवायचं होतं. तुझं आपलं एकच, ‘मले ढोरं कायले पाहाची? मले तुही वरात पाहाची हाय.’

तर परवा ती भांडी घेऊन इथल्या नाव टाकणाऱ्याकडे गेले. त्यानं मशीन हातात घेऊन विचारलं, ‘बोला बाई, पुढं काय टाकू?’ मी विचारच केला नव्हता! बाबांचं आडनाव? गावाचं नाव? मशीनची घरघर चालू आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘स्वतःच्या घरी असं टाका.’

‘आन् हे सौ.?’

‘राहू द्या. माझ्या मायनं हौसेनं टाकलंय.’

तो असा हसत सुटला की त्याला मशीन बंद करावी लागली. आता कढईवर काय आहे माहीत आहे? सौ. वैशाली, स्वतःच्या घरी! पेल्यांवर तेवढं मावलं नाही. ते तसेच आहेत.

पण मनात धाकधूक होती, कारण शेवंतामावशी येणार होती. थोरली बहीण तुझी, सगळी स्थळं तिनंच आणलेली. तू गेलीस तेव्हा तुझा हात तिच्या हातात होता आणि ‘वैशूचं पाहा’ एवढंच म्हणालीस. पाहा म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. माझं सगळं चांगलं चाललेलं, आणि तू माझा घोर घेऊन गेलीस! हे मला लय लागलंय, माय. काल मला दुसरं काही नको होतं. तुझ्या बाजूच्या एका तरी माणसानं म्हणावं, हिचं बरं आहे.

भंतेजी जेवून गेले आणि मावशीनं चष्मा लावून परात उचलली. अक्षर अक्षर लावत वाचली. ‘अवं पोरी, हे काय लिहून आनलं? लोक हासतीन ना!’ बायका गोळा झाल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या गावचे युसुफचाचा, गॅरेजवाले. त्यांच्या घरी एकच म्हैस. ‘बेटी, बच्चा अटक गया! पैर दिख रहे, मुंडी नहीं. जल्दी आ!’

आता सांग, काय करायचं? माझ्याच घराचा कार्यक्रम, नेसलेली तुझी मोरपंखी साडी, पंगत बसायची राहिलेली, आणि मावशी उत्तराची वाट पाहत उभी! ‘मावशी, आलेच मी,’ म्हटलं आणि गाडी काढली.

माय, काय सांगू तुला! पिल्लाची मान मागं वळलेली. चाचा दोरी धरून, चाची दुवा मागत. माझा गाल म्हशीच्या मांडीला टेकलेला, हात आत, आणि बोटांना नाकपुडी लागली. जिवंत होतं! मुंडी वळवून घेतली, कळ आली तसं ओढलं, आणि धपकन वगार बाहेर, म्हशीची लेकच! चाचा तर नाचलेच. म्हैस तिला चाटायला लागली आणि मी तिथंच शेणात फतकल मारून बसले, तुझ्या साडीसकट. तेव्हा कोणी विचारलं असतं ना, वैशाली, तुला काय कमी आहे, तर मला काहीच आठवलं नसतं.

परतले तेव्हा वाटलं, कंटाळून सगळे गेले असतील. कुठचं काय! ओट्यावर चपलाच चपला. आत मावशी पदर खोचून तुझ्या गंजातून खीर वाढत होती. पंगत तिनंच बसवली होती. दारव्ह्याहून आलेली एक बाई तिला म्हणत होती, ‘सोताच्या घरचं कार्य टाकून म्हशीमांगं पयाली. अशीले कोन पोरगा तयार होईन?’

मावशीनं पळी खाली ठेवली. ‘तिच्यासाठी पोरगा नोको पाहू आता बाई. मी बी नाही पाहात. पोरगी आपल्या घरी हाय, खुशीत हाय. घे, खीर घे, गरम हाय.’

मग तिला दारात मी दिसले, अंगभर माखलेली.

‘वाचली का म्हैस?’

‘वाचली. वगार झाली.’

‘मंग भाईर काहून उभी? आपल्याच घरात याले लाजते का?’

मी रडले, माय. सगळ्यांसमोर, भोकाड पसरून!

हे तू का नाही म्हणालीस गं? एकदा तरी? भांडायला नाही विचारत. बाबा गेल्यावर तू एकटीनं जे काढलंस ते माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून तू धडपडत होतीस, ते कळतं मला. पण मी तशी एकटी नाही. मला हे असंच आवडतं. तुझ्या गळ्यात पडून हे सांगायला हवं होतं, आणि तू ऐकायला हवं होतंस.

आता एक शब्द देते. लग्नाचं कोणी विचारलं की मी मान खाली घालून ‘बघू’ म्हणायचे, तुला वाईट वाटू नये म्हणून. यापुढं तसं नाही. मी सुखात आहे, असं तोंडावर सांगीन, आणि त्याच्यापुढं ‘पण’ लावणार नाही.

तुझ्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी तुला रोज ‘काळजी करू नको’ म्हणायचे, ते तू गप्प पडून राहावंस म्हणून. आज म्हणते ते खरं आहे म्हणून. माय, काळजी करू नको.

तुझीच,
वैशू