तिसरी हाक कोणाची?

श्रीरंग,

आशीर्वाद लिहीत नाही.

दारव्ह्याच्या कापूस बाजारातली तुझ्या बापाची लिलावाची हाक अजून माझ्या कानात आहे. "एकवार... दोनवार..." थंडीच्या सकाळी ती रुईसारखी तरंगत वर जायची. तिसऱ्या हाकेनंतर शेतकऱ्यानं कापसाच्या ढिगावर हात ठेवला, तरच सौदा पक्का. माझ्या वर्गात तू कवितासुद्धा त्याच चालीत म्हणायचास.

मुजफ्फर मिस्त्रीची पोरगी फिजा आता तेच मोबाइलवर करते. तिचं ॲप भाव तीनदा बोलतं, मग शेतकरी अंगठा ठेवतो. एका खोलीचं दुकान आहे तिचं. त्यावर तुझ्या पुण्याच्या कंपनीची नोटीस आली की ही पद्धत आमची, पेटंट आमचं, ॲप बंद करा. खाली वकील म्हणून सही तुझी!

"गुरुजी, हे तर बाजारात पयलेपासूनच होतं ना?" पोरगी रडवेली झाली होती. "पण कोर्टात सांगन कोन?"

त्या काळचा हर्रास बोलणारा एकटा तुझा बापच उरलाय. तो पोटच्या पोराविरुद्ध कशाला बोलेल?

चोरट्या, बापाच्या गळ्यावर मालकी सांगताना तुझी जीभ अडखळली नाही? माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.

तुझा एकेकाळचा,
दिगंबर गुरुजी

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात दार वाजलं. आता हे पत्र टाकायची गरज उरली नाही. दारात काठी टेकून तुझा बाप उभा आहे.

"मास्तर, फिजाच्या वकिलाकडं चाला. कंपनी पोराची असन, पन हाक माही हाये."