अॅनाला कूलर

३ डिसेंबर
काटोलहून साडूंची, म्हणजे वामनरावांची, संत्र्यांची टोपली आली. दरवर्षी येते. रिकामी टोपली परत देऊ नये, म्हणून दरवर्षी आपण इतवारीतून सोनपापडी आणून भरतो. घरचं काहीच नाही. लाज वाटते. संकल्प: यंदा ही टोपली आपल्या बेसाच्या अंगणातल्या सफरचंदांनीच भरून जाईल. तोवर माळ्यावर. वामनरावांना फोनवर सांगूनही टाकलं.

१० डिसेंबर
व्हरायटी ठरली. 'अॅना'. कमी थंडीतही फळते. नर्सरीवाला म्हणाला, फळ धरायले सोबत दुसऱ्या जातीचं झाड लागते. हे लोक एकावर एक खपवतात. एकच घेतलं. अॅना स्वावलंबी दिसते.

२६ डिसेंबर, पहाटे
झाडाला कडक थंडीचे शे-दोनशे तास तरी लागतात म्हणे. नागपूर देत नसेल तर मी देईन. कूलर अंगणात काढला, झाडाकडे तोंड करून. प्रेमिला म्हणाली, हिवाळ्यात झाडाले कूलर काहून लावता जी, उद्या त्याले स्वेटर विणू काय? बायकोला सायन्सची आवड नाही.

१९ जानेवारी
कूलरची मोटर जळाली. टाकी आधीपासून गळतेच. अंगणात चिखल. प्रेमिला त्यात पपईच्या बिया फेकते. प्रयोगाची शिस्त म्हणून नाही.

८ मार्च
फूल आलं! एक. वामनरावांना फोटो पाठवला. टोपली जरा मोठी आहे, एवढाच प्रश्न.

११ मार्च
फूल गळलं. झाड ताकद साठवत असावं.

२२ मे, दुपार
पंचेचाळीस डिग्री. कूलर बंद. मेकॅनिक म्हणतो, मोटर जूनमध्ये भेटन. प्रेमिला बहिणीकडे काटोलला गेली, तिथे एसी आहे. मी फरशीवर, ओला टॉवेल पांघरून. अॅनाची सगळी पानं गेली. विश्रांती घेत असावी. चिखलातली पपई कमरेएवढी झाली. उपटणार होतो, पण उन्हात कोण जाईल.

५ डिसेंबर
वामनराव स्वतः आले, नवी टोपली घेऊन. प्रेमिलाने जुनी टोपली घरच्या पपयांनी शिगोशीग भरून दिली. वामनराव खूश. मी म्हणालो, व्हरायटी मीच निवडली. प्रेमिलाने माझ्याकडे पाहत वर आणखी एक पपई ठेवली.
निघताना त्यांनी, आल्या आल्या अॅनावर अडकवलेलं आपलं हेल्मेट काढलं. म्हणाले, गिरिधरभाऊ, खुंटी बढिया रोवली गा. अन् ते सफरचंदाचं झाड कुठं हाय?
मी म्हणालो, आणायचंय अजून.