चाबी कोनापाशी हाय?

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, कळंब, जि. यवतमाळ

अर्जदार: सौ. बसंतीबाई देवसिंग राठोड, रा. पळसगोंदी तांडा, ता. कळंब

विषय: कु. जमनी देवसिंग राठोड, इयत्ता नववी, हिला माफीनाम्याशिवाय वर्गात बसू देण्याबाबत व तिचा जप्त शर्ट परत मिळण्याबाबत.

संदर्भ: नवपालवी विद्यालय, पळसगोंदी यांची नोटीस (जावक क्रमांक नाही, दिनांक आहे, पण त्यावर चहा सांडलेला आहे).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही जमनीची आई असून तांड्यावरील महिला बचत गटाची सचिव आहे. अर्ज लिहिण्याचा तिला चांगला सराव आहे. तरी हा अर्ज लिहिताना तिला मधूनमधून हसू येत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी.

१. शाळा उघडल्यापासून मुलींच्या संडासाला कुलूप आहे. चाबी मागितली की मुख्याध्यापक श्री. सदाशिवराव ढोले सर म्हणतात, शिपायाजवळ आहे. शिपाई उकंडाभाऊ म्हणतात, "माह्यापाशी कायले राहीन, बाबूले इचारा." ऑफिसातले कारकून बाबू म्हणतात, सरांनाच माहीत. यामुळे मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. ज्यांची घरे जवळ आहेत त्या मधल्या सुटीत घरी जातात, त्यातल्या बऱ्याच परत येत नाहीत. जमनीचे घर लांब, ती तहानलेलीच बसून राहते. आईच्या जिवाला हे सहन होत नाही, यात कायद्याचा काही प्रश्न नाही.

२. वाढदिवसाला विद्यार्थ्याने रंगीत कपडे घालून यावे, असा शाळेचा नियम आहे. पोळा झाला त्याच आठवड्यात जमनीचा वाढदिवस आला. बैलांच्या शिंगांचा रंगही अजून उतरला नव्हता. तिने निळा शर्ट आणला आणि त्याच्या छातीवर एवढेच शब्द भरून मागितले: "चाबी कोनापाशी हाय?" तांड्यावरच्या बाया घागऱ्यावर घालतात त्याच टाक्याने अर्जदाराने लाल-पिवळ्या दोऱ्यात ती अक्षरे भरली आणि प्रश्नचिन्हाच्या टिंबाच्या जागी एक गोल आरसा बसवला. यात कसलाही कट नव्हता. आरशाशिवाय भरलेले काम तांड्यावर अर्धवटच समजतात.

३. शर्टावर कोणाचेही नाव नाही. पण जो कोणी वाचायला पुढे झाला, त्याला टिंबात स्वतःचेच तोंड दिसले. उकंडाभाऊंना वाटले, पोरगी आपल्यालाच बोलली. बाबूंनाही तसेच वाटले. मुख्याध्यापक चष्मा लावून वाकले आणि लालबुंद होऊन उठले. नोटिशीत "संस्थेची बदनामी करणारा, प्रक्षोभक व आरसेयुक्त मजकूर" असे शब्द आहेत. आरसेयुक्त असणे हा गुन्हा कोणत्या नियमात बसतो, हे अर्जदाराला गावात कोणी सांगू शकले नाही. साहेबांना ठाऊक असल्यास कळवावे.

४. नोटिशीत दुसरे कारण असे की, दाखल्यावर जमनीची जन्मतारीख १ जून आहे, सबब तिचा वाढदिवस पोळ्याच्या आठवड्यात येऊच शकत नाही. महोदय, १ जून ही तारीख घरच्यांनी सांगितलेली नाही. "पोयाच्या टायमाले झाली" हे शाळेत नाव घालताना गुरुजींनी नीट ऐकून घेतले आणि १ जून लिहिले, जसे तांड्यावरच्या अर्ध्या पोरांचे लिहिले. १ जूनला शाळा उन्हाळ्यामुळे बंद. म्हणजे नियम आहे, रंगीत कपडे आहेत, फक्त या पोरांना वाढदिवस नाही. जमनीच्या वडिलांचीही तारीख तीच. ते म्हणतात, "मंग मी तं अजून जन्मलोच नाही."

५. जमनीने शर्ट गणवेशावरूनच घातला होता, त्यामुळे तो काढून घेण्यात अडचण आली नाही. मुख्याध्यापकांनी तो स्वतःच्या हाताने ऑफिसातल्या कपाटात टांगला, कपाटाला कुलूप लावले आणि माफीनामा आणल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही, असे तिला बजावले. तेव्हापासून ती घरी आहे.

पुढे गेल्या शुक्रवारी झाले असे की, त्या कपाटाची चाबी हरवली. घंटेचा हातोडा त्याच कपाटात. सुटायची वेळ टळली तरी घंटा वाजेना, आणि घंटेशिवाय पोरे सोडायची नाहीत हाही नियमच. अर्जदार त्या वेळी शर्टाची विचारपूस करायला फाटकाशी उभी होती. मुख्याध्यापक व्हरांड्यात आले आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरे, चाबी कोनापाशी हाय?"

मग नववीच्या वर्गातून कोणीतरी हळूच म्हणाले, "सर, माफीनामा." त्यानंतर जो हशा झाला तो थांबवायलाही घंटा नव्हती.

शेवटी उकंडाभाऊंनी दगडाने कुलूप तोडले. आत शर्ट होता, आणि ज्या खिळ्याला तो टांगला होता त्याच खिळ्याला, शर्टाच्या आड, चाब्यांचा जुडगा होता. संडासाची चाबी त्यातच होती. इतके दिवस शर्ट चाबीच्या अंगावर लोंबकळत तोच प्रश्न विचारत होता. दुसऱ्या दिवसापासून संडास उघडला आहे, त्याबद्दल अर्जदार शाळेची मनापासून आभारी आहे.

६. एवढे होऊनही मुख्याध्यापकांनी शर्ट दिलेला नाही; म्हणतात, शिस्त ती शिस्त. "मी चुकीचा प्रश्न विचारला" असे एक वाक्य लिहून सही करायची आहे. जमनी लिहायला बसलीही होती. तिने पेन खाली ठेवला आणि आईला म्हणाली, "याडी, उत्तर सापडलं तं प्रश्न चुकीचा कसा?" अर्जदाराला पोरीचा अभिमान वाटला, पण ती "जेवून घे" एवढेच म्हणाली. परंतु सोमवारपासून घटक चाचणी आहे आणि पोरगी घरी बसून आहे. अर्जदाराला घोर लागला आहे तो याचाच.

तरी साहेबांना विनंती की, जमनीला सोमवारी परीक्षेस बसू द्यावे. तो प्रश्न विचारणे गुन्हाच ठरत असेल, तर माफीनामे दोन घ्यावेत, आणि मोठ्या आवाजात विचारणाऱ्याचा आधी घ्यावा. १ जूनवाल्या पोरांना शाळा चालू असतानाचा एखादा दिवस वाढदिवस म्हणून मंजूर करावा. आणि शर्ट तेवढा लवकर परत द्यावा.

शर्टाची घाई अशासाठी की, संडास उघडला तरी आतल्या नळाला पाणी नाही. शर्टाची पाठ अजून कोरी आहे आणि अर्जदाराकडे आरसे पुष्कळ आहेत.

सुईत दोरा ओवून आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही) बसंतीबाई देवसिंग राठोड
पळसगोंदी तांडा, दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत:
१) शाळेची नोटीस, चहाच्या डागासह.
२) शर्टाचा फोटो. टिंबात फोटो काढणाऱ्या वडिलांचे तोंड आले आहे, त्यांचा यात दोष नाही.
३) जमनीचा माफीनामा. सध्या कोरा कागद. चूक सापडल्यावर भरण्यात येईल.