वाकळीचा उघडा कोपरा

अप्पा,

त्या शनिवारी आई दारात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती आणि तुम्ही तिला सुईत दोरा ओवून देत होता. "ब्लॉगवर दुकानाचं एक बटण लावायचं, त्याला मुहूर्त लागतुय व्हय गं?" असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, उद्या लावते. दुसऱ्या दिवशी आपण दवाखान्यात होतो.

आज सकाळी मी ते दुकान जोडलं. आईच्या ब्लॉगवरचे वाकळींचे सगळे फोटो त्यात घातले, त्यात तिची अर्धवट राहिलेली वाकळही चुकून विक्रीला गेली. तासाभरात करमाळ्याच्या कस्तुराबाईंनी नेमकी तीच मागवली. चूक सांगायला फोन केला, तर त्या ऐकेनात. "एक कोपराच ऱ्हायलाय की! आईला द्या फोन. वाकळीच्या पोटात ज्वारी घालून मगच कोपरा शिवा, म्हणते त्यांना. उपाशी वाकळ नको मला."

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. मी नवी पेठेत जुळता दोरा आणायला जाते आहे. वाकळ कॉटवर आहे, तिची घडी घालू नका. चिमूटभर ज्वारी काढून ठेवा. ती तुम्ही घाला, कोपरा मी शिवीन. वाकळ द्यायची नसेल तर तसं सांगा, मी त्यांना कळवीन. भाजी झाकून ठेवली आहे, जेवून घ्या.

महिनाभर कोणी आईबद्दल विचारलं की मी 'ती घरात नाही' एवढंच म्हणत आले. आज कस्तुराबाईंना म्हणाले, "आई वारली."

वैष्णवी