बोंबील कुठल्या डोळ्यात घालतात

प्रिय मालूताई,

हे पत्र दिवाळीत लिहायला घेतलं होतं. ‘प्रिय मालूताई’ एवढं लिहिलं आणि समोरून फुग्यांच्या कारखान्याचा टेम्पो गेला, त्यात माझ्या जुन्या ओळखीचा ड्रायव्हर, त्याच्याबरोबर चहाला गेलो ते गेलोच. मग रोज उद्या, उद्या. आता घोलवडचे चिकू भरून गाड्या जायला लागल्या तरी कागद तसाच खिशात. फोन करायचा तर तू ‘कुठे आहेस, काय खातोस’ विचारतेस आणि मी तेवढंच सांगून ठेवतो. जे विचारायचं ते राहून जातं. म्हणून आधी विचारून घेतो. सरावलीहून तू आता वाढवणला आईकडे गेली होतीस ना, तेव्हा चहा ओतताना ती कपाच्या कडेला बोट लावून बघत होती का?

उत्तर मनात ठेव. मी कुठे आहे ते सांगतो.

तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, एक डोळ्यांचं धर्मादाय हॉस्पिटल आहे. चिकूच्या ट्रकमधून उतरलो ते इथे पाणी प्यायला, आणि वर्ष झालं, इथेच आहे. तुला खरं वाटणार नाही. मलाही दुपारी वाटत नाही. फाटकाशी मोठी चिंच आहे, तिच्याखाली माझं टेबल. वाऱ्यानं चिंचेची बारीक पानं कागदावर पडतात, ती उडवत उडवत लिहितोय. डोळ्यांना हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं व्हरांड्यात ओळीनं बसलेली असतात, तोंडं वर करून, जशी बगळ्यांची रांग. सगळे मिळून एकच स्वप्न बघतायत असं वाटतं.

माझं काम काय, तर विकणं. म्हणजे असं, की इथे पाड्यावरच्या लोकांचं ऑपरेशन फुकट होतं, पण रिकाम्या हातानं उठून जाणं त्यांना जमत नाही. काकड्या म्हणून एक म्हातारा होता. पट्टी सुटली तर तिसऱ्याच दिवशी कोंबडा घेऊन हजर. म्हणाला, सकाळी डोळे उघडले तर याचा तुरा पहिला दिसला, इतका लाल असतो मला ठावंच नव्हतं, म्हणून हाच आणला. कोंबडा सुटून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत गेला. आमच्या मोठ्या डॉक्टर हिनाबेन, त्यांनी नियमच केला आहे की नाही म्हणायचं नाही, माणसाचा मान जातो. मग कोणी दुधी आणतं, कोणी काकड्या (भाजी, म्हातारा नव्हे), कोणी बांबूची टोपली, बुधी नावाच्या बाईनं तर गवताचा झाडू आणला, स्वतः बांधलेला. एवढ्याचं करायचं काय? मी म्हटलं, फाटकावर मांडतो. हायवेवरच्या गाड्या थांबायला लागल्या. पैसे ऑपरेशनच्या पेटीत.

तिथपर्यंत ठीक होतं. पण गाडीवाले विचारायचे, सुका बोंबील नाही का? समुद्र इतका जवळ आणि बोंबील नाही? मला राहवलं नाही. रखमी आपल्या गावची, एसटीनं टोपली घेऊन येते, तिच्याकडून घ्यायला लागलो. धंदा असा चालला म्हणून सांगू, रविवारी सुरतेच्या गाड्यांची रांग. रखमीला मात्र शपथ घातली, गावात माझं नाव काढायचं नाही.

आता ते सांगतो जे सांगत नव्हतो. पहिली टोपली सोडली आणि मला कळलं, हे आईचे. तुला आठवतं, बोंबील वाळत टाकायला जोडी लावताना ती काय म्हणायची? तोंडात तोंड अडकवायचं तर सारख्याला सारखा, लहानाला मोठ्याच्या गळ्यात बांधू नये, वाऱ्यात दोघंही पडतात. जोड्या सगळ्या सारख्या, शेपट्या एका बाजूला, आणि गठ्ठ्याला त्या हिरव्या पातळाच्या काठाची चिंधी. मी ती चिंधी सोडून खिशात ठेवायचो. दुपारी टेबलावर डोकं ठेवलं की खाली खाडीच्या खाजणाचा वास यायचा, बांबूंच्या मांडवावर हजारो बोंबील वाऱ्यात खुळखुळायचे आणि आई मधून चालत जायची. तिनं सांगितलं होतं ना, धड एका जागी बसशील तेव्हाच तोंड दाखव. मी तोंड दाखवत नव्हतो, पण तिच्या हातचं माझ्या हातात येत होतं. मला तेवढं पुरत होतं.

पावसानंतरच्या नव्या मालापासून जोड्या बिघडायला लागल्या. मोठ्याला लहान. एकात जाळ्याचा नायलॉनचा तुकडा तसाच. तळाशी रेती. आईच्या मालात रेती, ताई. रखमी म्हणाली, म्हातारीचा हात थकला. पण गाठ बघितली तर तीच, घट्ट. हात थकलेला नाही. वर्षभर मी हेच बघतोय, कोण कसं चाचपडतं ते. मला कळलं.

आणि नेमकं तेव्हाच आयकरवाल्यांचं पत्र आलं, फाटकावरच्या विक्रीचं विचारणारं. मला वाटलं कोणी पकडायला येतंय. आमचे हिशेबनीस जतीनभाई, त्यांनी चिंचेखाली खुर्ची ओढली आणि मला समजावलं. धर्मादाय हॉस्पिटलला करात सूट असते. इथलं चष्म्याचं दुकान, औषधाचं दुकान, पैसेवाल्यांची ऑपरेशनं, यातून जे उरतं त्यावर कर नाही, म्हणून तर काकड्यासारख्यांचे डोळे फुकट होतात. सूट गेली तर पहिल्यांदा फुकटच्या खाटा कमी होणार. मग म्हणाले, “जो, बघ जिग्नेशभाय, चष्मा इलाजाच्या पोटातला. पेशंटच्या माणसांची खानावळ, ती पण पोटातली. पण सुका बोंबील कुठल्या डोळ्यात घालतात ते सांग, मी तसं लिहून देतो.” व्हरांड्यातले पट्टीवालेसुद्धा हसले.

मी विचारलं, मग कोंबडा? म्हणाले, कोंबडा कुणी मनानं दिला, तो विकला, ते पैसे दानातले. तू बोंबील विकत घेतोस आणि चढ्या भावानं विकतोस, तो धंदा. धंदा करायलाही मनाई नाही, पण तो हॉस्पिटलच्या कामाशी जोडलेला दाखवावा लागतो, त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. तुझा काय जोडलेला आहे? जोडलेला होता, पण कुणाशी ते सांगता येईना.

तर गेल्या आठवड्यात रखमीला सांगून टाकलं, आता माल घेणार नाही. दिलेलं ठेवायचं, विकत काही आणायचं नाही. ती बडबडत गेली. टेबल आता रिकामं वाटतं, दोन दुधी आणि एक बांबूचं सूप.

हे सगळं कशासाठी लिहिलं ते आता लिहितो. ताई, आईला इथे घेऊन ये. मोतीबिंदू आहे, माझी खात्री आहे, आणि तो पिकायची वाट बघायची नसते असं हिनाबेन म्हणतात. ती म्हणेल, धर्माचं मला नको, मी कुणाचं फुकट घेत नाही. तेव्हा तिला सांग की इथे फुकट कोणीच घेत नाही. एक टोपली बोंबील घेऊन चल म्हणावं. मी इथे आहे हे आधी सांगू नकोस, नाहीतर भांडायला म्हणूनच

थांब.

रिक्षा आली होती, पेशंट असेल म्हणून मी मान वर केली नाही. ताई, आई आली आहे. एकटी. डोक्यावर टोपली, कमरेला पदर खोचलेला, चिंचेच्या मुळाला पाय लागून जरा अडखळली, मग पायानं चाचपत टेबलापर्यंत आली. टोपली दाणकन ठेवली. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी आहे. माझा माल बंद करणारा कोण तो, काय वाईट निघालं माझ्या बोंबलात, इथे बसतो तो माणूस कुठे आहे, असं ती मलाच विचारते आहे. मी अजून बोललो नाही. आवाज ऐकला की ओळखेल. टोपलीला हिरवी चिंधी आहे. विकत तर घेता येत नाही आता, नुसती ठेवून घेता येते. आतून हिनाबेन बाहेर येतायत. पत्र टाकायचं कारण उरलं नाही, पण बोलायच्या आधी सही करून घेतो.

तुझाच, इथे बसतो तो,
जिग्या