माझ्या दंडाचं प्रमाण

४ मार्च, मंगळवार

आज अकरावं! रक्तदाब मोजायचं आणखी एक मशीन बाद. चिठ्ठी चिकटवली – ‘चढं दाखवतं.’ माझ्या दंडावर १५४/९८ म्हणे. मी ११२/७४ ची बाई आहे. नोकरीला लागताना मोजलं होतं, फायलीत नोंद आहे.

मशीनं ज्याच्यावर पडताळायची ते प्रमाण-यंत्र पाच महिन्यांपूर्वी कंपनीकडे गेलं, अजून परत नाही. तोवर प्रमाण म्हणजे माझा डावा दंड. पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, तीनदा मोजायचं. पद्धतीत चूक नाही.

मोठ्या सिस्टर तळघरात, थेट वर्कशॉपपर्यंत उतरून आल्या. “काय गं फूटपट्टी, तुझ्या दंडापायी आमच्या वॉर्डांना दंड? दोन मजल्यांत मिळून तीन मशीनं उरलीत!”

म्हटलं, चुकीच्या मशीनपेक्षा नसलेलं बरं.

“हे पेशंटला येऊन सांग,” म्हणाल्या नि गेल्या. विनोद बरा होता. हसले नाही.

५ मार्च, बुधवार

मान धरली आहे. खुर्ची बदलून मागितली.

६ मार्च, गुरुवार

बाबा आजही उठले नाहीत. म्हणजे उठले – आंघोळ, चहा, परत कॉट. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन नोव्हेंबरला बंद झालं. लोक वेळ फोनमध्ये बघतात, भांडणार कोणाशी? शटर मी ओढलं, कुलूप मी लावलं, खोकी मी उचलली. तेव्हापासून ह्यांची पाठ दुखते, छाती जड होते, हाताला मुंग्या येतात. सगळ्या तपासण्या करून झाल्या. सतरा पानं, सतराही पानांवर ‘नॉर्मल’.

“बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही,” मी एकेका ओळीवर बोट ठेवून दाखवलं.

“असेल,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग आत्याचा फोन. “अगं, मनाला लावून घेतलंय त्याने. मनातलं अंगावर निघतं.”

मन! हा सुटा भाग मी अजून एकाही कॅटलॉगमध्ये पाहिलेला नाही.

७ मार्च, शुक्रवार

कर्मचाऱ्यांसाठी सक्तीचं व्याख्यान – ‘मन आणि शरीर: एक सुंदर मैत्री’. वक्त्याबाई गोड आवाजात, “श्वास आत घ्या… आणि चिंता बाहेर सोडा.” सभागृहाचा एसी बंद, खिडक्याही बंद. दोनशे जणांच्या चिंता आतल्या आत फिरत राहिल्या.

शेवटी प्रत्येकाला एक फुगा. त्यात आपला राग भरायचा! शेजारच्या फार्मासिस्टने असा काही भरला की फाटकन फुटला. गृहस्थ कमालीचे प्रसन्न दिसले. माझा फुगलाच नाही. सदोष असणार.

१० मार्च, सोमवार

सकाळी उठल्यापासून जबडा दुखतोय. उशी बदलली.

११ मार्च, मंगळवार

अहवाल दिला. अकराही मशीनं सदोष, पुरवठ्याचा करार रद्द करावा. साहेबांनी दोनदा वाचला. “खात्री आहे ना? कंपनीचा माणूस सोमवारी येतोय, प्रमाण-यंत्र घेऊन. चूक निघाली तर खाली सही तुझी आहे.”

“माझी सही चुकत नाही, सर.”

जरा मोठ्याने बोलले गेले. बाहेरची टायपिस्ट थांबली. नंतर बराच वेळ कानात गुणगुण. वर्कशॉपचा पंखा बघायला हवा.

१३ मार्च, गुरुवार

सोमवारच्या तयारीसाठी तक्ता केला. पहिलं मशीन नऊ नोव्हेंबरला बिघडलं. त्याआधी दोन वर्षांत एकही नाही. वॉर्ड वेगळे, खरेदीची वर्षं वेगळी, हाताळणाऱ्या वेगळ्या – आणि बिघाड एकच? त्या सुमाराला काय बदललं ते शोधलं. वीजपुरवठा ठीक. तळघराचं तापमान ठीक. विशेष काहीच घडलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

कंपनीचा माणूस आला. पेटी उघडली, एकेक मशीन जोडत गेला. शीळ घालत! अकराच्या अकरा बिनचूक. फरक दोनाच्या वर कुठेच नाही.

“पुन्हा करा,” मी म्हटलं. त्याने पुन्हा केलं. तीच शीळ.

“मॅडम, ठणठणीत आहेत सगळी.”

“मग माझ्यावर लावून बघा. कळेल.”

पट्टा मोठ्या सिस्टरनी गुंडाळला. १६२/१०२. दुसरं मशीन – १६०/१०२. मग त्याने पेटीतलं कोरं करकरीत काढलं. १६२/१००.

शीळ थांबली.

“पारा मशीनचा चढला नव्हता गं,” मोठ्या सिस्टर इतक्या हळू म्हणाल्या! टोमणा मारला असता तर चाललं असतं. साहेब ओरडले नाहीत, खुर्ची पुढे सरकवली. हे तर फारच.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आठ दिवस सुट्टी. “घरी काही झालंय?”

“काही नाही.”

“हे ‘काही नाही’ कधीपासून?”

“दोन नोव्हेंबर,” तोंडातून निघून गेलं. तारखा मी चुकत नाही.

निघण्याआधी अकरा चिठ्ठ्या स्वतः सोलून काढल्या. गोंद चांगला होता. नखं दुखली.

१८ मार्च, मंगळवार

सतरा पानांची फाइल कपाटातच ठेवली. बाबांच्या कॉटवर बसले. “बाबा, कुठे दुखतं?” साडेचार महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

उठून बसले. चष्मा लावला. उशीखालून मनगटी घड्याळ काढलं – चालू होतं! – आणि माझ्या नाडीवर बोटं ठेवून मिनिटभर मोजलं.

“अठ्ठ्याण्णव,” म्हणाले. “आधी तू सांग.”