एक चूल, एक मत

२६ नोव्हेंबर, संविधान दिन, जळगाव
ठरलं. आमच्या अखिल भारतीय समाज मंडळाला नवी घटना द्यायची आणि देशभरातल्या समाजबांधवांचं मत घेऊन ती मंजूर करायची. निवडणूक अधिकारी अर्थात मी. सरकारी खात्यात आयुष्य उगाच नाही घातलं. संकल्प: पहाटे उठून मसुदा. चहा फक्त दोनदा.

२७ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठायला उशीर. चहा तीनदा झाला. पण कलम सात लिहिलं, आणि काय लिहिलंय! जुना नियम असा की एका चुलीला एक मत, आणि ते घरच्या पुरुषाचं. पुरुष गेला की त्याच्या बायकोची चूल दिराच्या चुलीत धरायची. आता विधवेची चूल वेगळी, मत तिचं तिला.
दोंडाईच्याला भिकुअक्काला, माझ्या विधवा बहिणीला, फोनवर वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, भाऊ, मन्ही चूल आते येगळी मोजतीन का? माझा शब्द, म्हटलं. कोकिळा स्वयंपाकघरातून नुसतं 'बघू' म्हणाली. बायकोला दूरदृष्टी नाही.

८ डिसेंबर
निमंत्रणं रवाना. सुरत, इंदूर, शिरपूर, सगळ्यांना चूलबंद, म्हणजे घरातली झाडून सगळी जेवायला, त्या दिवशी घरी चूल पेटायची नाही. आधी मतदान, मग भरीत-पुरी. लोक घटनेसाठी येणार, भरीत निमित्त. अक्कालाही तिच्या नावाने धाडलं. आजवर तिचं आवतन दिराच्या घरी जायचं.

२१ डिसेंबर
सुरतला जाऊन आलो. तिथले शाखाध्यक्ष अभिमन नाना, म्हणजे अक्काचे थोरले दीर. सुरतची मतं त्यांच्या खिशात. कलम सात वाचून हसले. म्हणाले, आज मत मांगस, सकाय वाटा मांगी. अक्काच्या वाटणीचं शेत त्यांच्याच ताब्यात, उद्या तिने ते मागितलं तर? मी ठणकावून सांगणार होतो, पण तेवढ्यात जेवणाची ताटं आली.
संकल्प: एकही शब्द बदलणार नाही.

५ जानेवारी
कलम सात काढलं. ही माघार नाही. आधी घटना येऊ दे, मग दुरुस्ती. मोठी माणसं असंच करतात. सातवा नंबर रिकामा वाईट दिसतो, म्हणून तिथे मंडळाच्या फलकाचा रंग टाकला: केशरी. अक्काला कळवायचं राहिलं. उद्या नक्की.

१८ जानेवारी
अक्काला फोन राहिलाच. कामाचा व्याप! येईल, जेवेल, खूश होईल बिचारी. तिला कलमातलं काय कळतंय.

१९ जानेवारी, संध्याकाळी सात
घटना मंजूर! मतदान गुप्त ठेवणार होतो, पेटीही आणली होती. पण नाना म्हणाले, भरीत गार होतंय, हात वर करा. सगळे हात वर. अक्काचाही. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. नानांनी माइकवरूनच सांगितलं, हात खाली घे, तुझी चूल आमच्या चुलीत. लोक हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीला नीट कुलूप आहे का ते बघत होतो.
मग माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, मन्ही चूल मोजामा नही, मंग ती बंद कशाले ठेवू? न जेवता दुपारच्याच गाडीने दोंडाईच्याला निघाली. कोकिळाही भरल्या पानावरून उठून तिच्याबरोबर गेली. चारचौघांत! माझ्या ऐतिहासिक दिवशी!
भाषण द्यायचं होतं, पण तोवर पंगत बसली होती. आभारात माझं नाव राहिलं. नजरचूक असणार.

त्याच दिवशी, साडेआठ
घरी कोणी नाही. उरलेलं भरीत डब्यात आणलंय, गारढोण. गॅसचा लायटर सापडत नाही. शेवटी कोकिळाला फोन केला. अक्काने चूल पेटवलीय, दोघी जेवायला बसतायत म्हणाली. लायटर कुठे असतो, विचारलं.
म्हणाली, कलम सातमध्ये बघा. फोन ठेवला.
बघितलं. तिथे केशरी लिहिलंय.